उलटलेली टपालथैली

भुताखेतांच्या गोष्टी चवीने ऐकणाऱ्या घरात वाढूनही मी कोरडीच राहिले. जुन्या वस्त्रांचं जतन हा माझा व्यवसाय. कापड विरतं, रंग उडतो, त्याला कारण असतं. त्या विश्वासावरच माझी उपजीविका चालते. म्हणून हे लिहिताना हात थोडा अडखळतो आहे...

गेल्या हिवाळ्यात रेगेन्सबर्गमधल्या एका लहान संग्रहालयात मी रुजू झाले. वसाहतकाळात जर्मनांनी आफ्रिकेच्या एका ओसाड किनाऱ्यावर टपालसेवा कशी उभी केली, याचं प्रदर्शन भरायचं होतं. एका लाकडी खोलीत थाटलेलं पोस्ट, आणि तिथून वाळवंटात पायी थैल्या नेणारी स्थानिक माणसं — ज्यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. त्या थैल्यांपैकी एक, कॅनव्हासची, माझ्याकडे आली. तिला शिळ्या मिठाचा वास होता. कापड पापडासारखं, बोटाच्या दाबाने तडकेल असं. आत मऊ कागद भरून मी तिला आकार दिला आणि कपाटाला कुलूप लावलं.

सकाळी थैली उलटलेली होती. आतली बाजू बाहेर, कागद शेजारी नीट रचलेले.

"आल्झो, म्हणजे किल्ली फक्त तुमच्याकडे असते," विभागप्रमुख फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "आणि तुमची प्रोबेत्साइट अजून संपलेली नाही."

परिविक्षेच्या काळात नोकरी गेली, तर या देशातलं माझं राहणंही धोक्यात येणार होतं. कापडाला हलकी वाफ देत, दिवसभर श्वास रोखून, मी थैली पुन्हा सुलटी केली. तरीही काठाचे काही धागे तुटलेच.

संध्याकाळी बाबांना फोन केला. मेळघाटात पोस्टमास्तर म्हणून त्यांची हयात गेली.

"मग बरोबरच आहे की!" बाबा म्हणाले. "थैली रिकामी झाली की उलटून झटकायचीच. तळाशी एखादं पत्र राहिलं, तर कुणीतरी वाट बघत बसतं."

"बाबा, इथे माझी नोकरी जातेय आणि तुम्ही थैली उलटणाऱ्याला शाबासकी देताय!"

"शाबासकी नाही गं. पण तू तरी तिच्यात कागद कशाला कोंबलेस?"

दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ लिंडनरना विनंती केली — कागद भरलेली थैली त्यांनी स्वतः कुलूपबंद करावी, किल्ली स्वतःच्या घरी न्यावी. त्यांनी तसं केलं. सकाळी कपाट त्यांनीच उघडलं.

थैली उलटलेली होती.

त्या थैलीवर वाकल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती नुकसान?"

मी भिंगाखाली शिवण न् शिवण तपासली. परवा माझ्या हातून तुटलेले तेवढेच धागे. नवा एकही नाही.

"असं तुम्हाला जमलं असतं?"

"नाही. परवाच तर नाही जमलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि नोकरीचा विषय तिथेच मिटला. थैली तशीच, उलटी, प्रदर्शनात मांडली. त्यानंतर ती हलली नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि भूत हा शब्द मी आजही वापरणार नाही. पण ती थैली ज्याने कुणी उलटली, त्याचा हात माझ्या हातापेक्षा हलका होता — एवढं, या कामातली व्यक्ती म्हणून, मला मान्य करावंच लागतं.