ढाण्याच्या खुब्याचा फोटो

तोरण्याच्या पायथ्याला अंबूबाई शेळ्या राखायची. नवरा गेनबा नाचणीचं बघायचा आणि डोंगरातली शेळी-करडं अंबूबाई आणि तिचा ढाण्या कुत्रा बघायचे. बिबट्याचा वास आला की ढाण्या असा भुंके की शेळ्या आपसूक गोळा व्हायच्या.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यातून निरोप आला, की मुंबईचे डॉक्टर करंबेळकर यंत्र घेऊन आलेत, धडधाकट कुत्री असतील तर आणा. अंबूबाईला काही उमगेना. दुखणाईत जनावर दवाखान्यात नेतात. धडधाकट कशाला न्यायचं? तरी ती ढाण्याला घेऊन गेली.

डॉक्टरांनी समजावलं, "शहरातली मोठी विलायती कुत्री लवकर लंगडायला लागतात. खुब्याचा सांधा नीट बसत नाही त्यांचा. डोंगर चढणाऱ्या गावठी कुत्र्यांचा कसा असतो, ते एक्स-रे काढून बघतोय."

"साहेबलोकांची कुत्री लंगडत्यात, तर माज्या कुत्र्याचा फोटू कशापायी?" तिनं विचारलं. पण तोवर ढाण्याला गुंगीची सुई टोचून झाली होती.

ढाण्या मान टाकून पडला. त्याला टेबलावर उताणा घातला, मागचे पाय सरळ ताणून धरले. अंबूबाईनं किंकाळीच फोडली, "मारलं की वो माज्या कुत्र्याला!" तिला बाहेर नेलं. जीपमधला जनरेटर धडधडला आणि थांबला.

तासाभरानं डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडाकडे धरली. पांढऱ्या हाडांत तिला ना ढाण्याचं तोंड दिसलं, ना शेपूट. डॉक्टरांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"बाई, हा लंगडतो?"

"न्हाई."

"उठताना त्रास होतो? चढताना मागं राहतो?"

"माज्याम्होरं असतो की!"

"खुब्याची वाटी फार उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा निम्मा बाहेरच आहे. याला दुखायला हवं."

"दुसऱ्याच्या कुत्र्याचा असंल वो फोटू."

डॉक्टरांनाही तीच शंका आली असावी. त्यांनी ढाण्या शुद्धीवर यायच्या आत पुन्हा फोटो काढला. तोही तसाच. मग गुंगी उतरल्यावर त्याला अंगणात चालवलं, पळवलं. तो छान पळाला. डॉक्टर कधी फिल्मकडे, कधी कुत्र्याकडे बघत राहिले.

"पुढं दुखेल का?" तिनं विचारलं.

"दुखेल, किंवा कधीच दुखणार नाही. मला सांगता येत नाही. फार उड्या मारू देऊ नका."

शिकला-सवरलेला माणूस असं बोलल्यावर अंबूबाईनं काय समजायचं? त्या दिवसापासून तिचे डोळे शेळ्यांवरून उठून ढाण्याच्या मागच्या पायांवर बसले. आज डावा जरा घसटतोय का? की दगड टोचला? तिला लंगडणं दिसू लागलं, आणि गेनबाला विचारलं की तो म्हणे, "तुजं डोळं लंगडं झाल्यात." शेवटी तिनं ढाण्याला दारात बांधूनच ठेवलं. तो दिवसभर विव्हळायचा. आठवडा झाला नाही तोच बिबट्यानं ओढ्याकाठचं एक करडू उचललं.

"सोड त्येला," गेनबा म्हणाला. "पाय त्येचं, डोंगर त्येचा."

तिनं दावं सोडलं. ढाण्या उसळून जो चढाला लागला, तो वरच्या सपाटीवर जाऊनच भुंकला. तिचं काळीज एकाच वेळी सुपाएवढं झालं आणि धास्तावलंही.

ढाण्या पुढं सहा-सात वर्षं जगला. शेवटी-शेवटी उठताना कण्हायचा. सगळीच म्हातारी कुत्री कण्हतात, असं गेनबा म्हणायचा. अंबूबाई "व्हय" म्हणायची आणि मोहाचं तेल कोमट करून त्याच्या खुब्याला चोळायची. हे दुखणं वयाचं की त्या वाटीचं, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. तेल लावताना तो मात्र डोळे मिटून निवांत पडायचा.