वल्हं उचललेली सावली

"उजेड खोटां बोलणा नाय. खोटां बोलता तो माणूस."

सत्यवान हे वाक्य नवरीची हनुवटी वर करताना म्हणायचा, पेन्शनसाठी फोटो काढायला आलेल्या म्हाताऱ्याला म्हणायचा, आणि ऐकायला कोणी नसलं की थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभ्या असलेल्या आपल्या बहिणीला म्हणायचा. नर्मदा नुसती हसायची. नवरा गेल्यापासून ती भावाच्या घरातल्याच फोटोच्या दुकानात हाताखाली होती. ऊन एका गालावर पडलं की ती दुसऱ्या बाजूला तक्ता घेऊन उभी राही आणि परतलेलं ऊन अलगद दुसऱ्या गालावर सोडी. "नर्मदे, वायच खाली घे. डोळ्यांतलो काळोख काढ," सत्यवान म्हणे, आणि ती काढी.

काम संपलं की कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या हाती येई. नव्या भाताची पहिली लोंबी देवापुढे ठेवतात, तसं ती ते देवाजवळच्या पितळी डबीत ठेवी. फोटो गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही आणि तिच्यावाचून डबी कोणी उघडायची नाही, ही त्या घरची रीत.

त्या संध्याकाळी वाळूवर रापण ओढत होते. लांब दर्यात टाकलेलं जाळं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना वाडीतली सगळी बायामाणसं. दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा इथला जुना कायदा. नर्मदेचा हात दोरावर होता. तिच्यापुढे तिचा मुलगा सुदेश, त्याच्यापुढे जितेंद्र. नर्मदा तापानं आडवी पडली होती तेव्हा, दोराला तिचा हात नसतानाही, याच जितेंद्रनं तिचा वाटा तिच्या पडवीत आणून ठेवला होता. सत्यवान मात्र दोराला कधी शिवत नसे. ओला हात म्हणजे कॅमेऱ्याचा काळ. तो माडांकडे पाठ करून बुडत्या सूर्यासमोर उभा होता.

तेवढ्यात दिव्यांची बोट आली. भर दर्यात झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करणारी, परक्या बंदराची. ती सरळ रापणीवरून गेली. बोटीच्या बुडाशी फिरणाऱ्या पंख्यानं जाळं फाडलं, दोर सैल पडले आणि ओढणारी माणसं एकावर एक उताणी कोसळली.

कोसळली ती माणसं; उठलं ते दुसरंच काहीतरी. पंख्यात जाळं गुंतून बोट तिथंच गिरक्या घेत होती. होड्या तिच्यावर धावल्या. खलाशांना केसांना धरून पाण्यात ओढलं, पाण्यातून वाळूवर. दगड, नांगराची साखळी, हाताला लागेल ते. कुणाचा तरी दात नर्मदेच्या पायाखाली आला. तिनंही एकाच्या डोळ्यांत मूठभर वाळू फेकली, आणि फेकताना तिला बरं वाटलं. अजय नावाचा एक खलाशी हात जोडून गुडघ्यांवर बसला होता. गर्दीतून एक वल्हं वर गेलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. लाट आली आणि तांबडी होऊन परत गेली. मारलं कोणी, ते नर्मदेला दिसलं नाही.

सत्यवानचा कॅमेरा थांबला नव्हता. सूर्य भिंगासमोर, म्हणून त्यानं आभाळाचा रंग धरला आणि माणसं काळी पडू दिली. घरी येऊन त्यानं एक फोटो निवडला. आभाळ आणखी लाल केलं, काळं आणखी दाट केलं. "चित्र कसा उठान दिसता बघ," तो म्हणाला आणि फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. लाल आभाळापुढे पाय रोवलेला एकच काळा माणूस, डोक्याला मुंडासं, डोक्यावर वल्हं.

मुंडाशाचा शेव डाव्या कानावर लोंबत होता. तसा शेव वाडीत एकटा जितेंद्र सोडायचा.

"जितगोच रे तो!" लोकांनी खाली लिहिलं. फोटो या फोनमधून त्या फोनमध्ये फिरत पोलिसांपर्यंत गेला. अजय ओरोसच्या इस्पितळात मेला आणि जितेंद्रला त्याच्या अंगणातून फरफटत नेलं.

त्याची बायको सारिका दुकानात आली ती फुटक्या ओठानं. जीप अडवताना पडली होती.

"सत्यवानानू, तुमच्या फोटोन माझां घर खाल्ल्यान! ह्येंचे हात खाली होते, माझ्या डोळ्यांनी बघलंय मी. उजेड खोटां बोलणा नाय म्हणतास मां? मगे आता त्येका बोलूक लावा!"

ती गेल्यावर सत्यवानानं नर्मदेकडे डबी मागितली. त्याचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या दोन फाईल ठेवायचा. एक तयार, आणि एक रॉ. तिच्यात उजेड अजून कच्चाच असतो, पुढे शिजवाल तसा शिजतो. ग्रुपवर गेला होता तो तयार फोटो. आता त्यानं रॉ उघडली आणि सावलीतला उजेड हळूहळू वर घेतला. काळ्यात आधी वाळूसारखे बारीक दाणे उठले. मग सदऱ्याच्या चौकटी आल्या. मग एक कान. मग काळ्या माणसाच्या मधोमध एक फट पडली, आणि एकाचे दोन झाले.

पुढे जितेंद्र. हात खाली, "नको" म्हणून ओरडण्यासाठी तोंड उघडलेलं. त्याच्या अगदी पाठीमागे दुसरा माणूस, वल्हं त्याच्या हातांत. खालचा ओठ दातांखाली घट्ट धरलेला.

तो ओठ नर्मदेनं चेहऱ्याआधी ओळखला. सुदेश लहानपणी कुत्र्याला दगड मारताना असाच धरायचा.

सत्यवानानं कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "डबी तुझी गो," एवढंच म्हणाला.

सारिकेचं ओरडणं वाडीभर गेलं होतं, आणि मूळ फोटो कार्डातच असतो हे सुदेशला ठाऊक होतं. सुदेश दुपारी आला तो बोलायला आला नव्हता. त्यानं कंप्युटर उचलून जमिनीवर आपटला. कॅमेरा भिंतीवर फोडला, भिंगाचा चुरा टाचेखाली रगडला. मग कॅमेऱ्याची तिपाई उचलून मामाच्या बरगड्यांत घातली.

"कार्ड खंय आसा, मामा?"

सत्यवान रक्त थुंकला. "उजेड..." त्यानं सुरुवात केली.

"घाल चुलीत तुझो उजेड!" सुदेशनं तिपाई डोक्यावर उचलली. त्याच्या पाठीमागे दार होतं, दारात ऊन. खालचा ओठ दातांखाली.

नर्मदेच्या हाताला तक्ता लागला. ती तो घेऊन मध्ये शिरली. दारातलं ऊन तक्त्यावर पडून मुलाच्या काळ्या चेहऱ्यावर परतलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिपाई तक्ता फोडून तिच्या खांद्यावर बसली. पांढरे मणी खोलीभर उडाले. तिपाईचा पाय मोडला. ती हलली नाही.

"आये, बाजूक हो! तुमका मेलेलो दिसता, फाटलेला जाळा दिसणा नाय! दोराक सगळ्यांचे हात होते. मगे वाटो जितग्याक गेलो तर काय बिघाडला?"

"हात तुझो, वाटो तुझो," नर्मदा म्हणाली. "माझ्या पडवीत ज्येना मासळी ठेवल्यान, त्येच्या ताटात तू मढां वाढतंस?"

मोडकी तिपाई सुदेशच्या हातात तशीच लोंबत राहिली.

नर्मदा देवाकडे गेली. डबी तिनं मुलाच्या डोळ्यांदेखत उघडली आणि कार्ड भावाच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. "बहिणीन दिल्यान म्हणान सांग."

सत्यवान भिंतीला धरून उठला. एक हात बरगडीवर, एक खिशावर, असा तो पाणंदीनं पोलीस चौकीच्या रस्त्याला लागला. वाकलेला, हळू. धावलं तर सुदेश त्याला पाणंदीच्या दगडी गडग्याशीच गाठू शकला असता.

धावला नाही. उंबऱ्यावर मायलेक उभी राहून त्याला जाताना बघत होती, तो वळणावरच्या माडांआड होईपर्यंत. नर्मदेनं दुखऱ्या हातानं सुदेशचं मनगट धरलं होतं, रापणीचा दोर धरतात तसं, दोन्ही पाय रोवून.