खताच्या ढिगाची चोरी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते, मग थोडी लाज वाटते. शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते तोच शेजारच्या एका सरकारी कचेरीतले बाबू अर्ज घेऊन उभे. विषय : कार्यालयाच्या आवारातील खताचा ढीग चोरीस गेल्याबाबत.

म्हशी, मोटारी, एकदा तर लग्नाच्या मांडवातली जेवणाची पातेली चोरीला गेलेली मी पाहिली होती. ढीग पहिलाच.

"साहेब, उद्या सगळ्या सरकारी कार्यालयांत तपासणी पथक येतंय," बाबू म्हणाले. "ओल्या कचऱ्याचं खत करतो, असा अहवाल आम्ही दर तिमाहीला पाठवतो. आता ढीग दाखवायचा कुठून? आजच शोधून द्या."

अर्जाला फोटो जोडला होता. काळाभोर, देखणा ढीग. पंच घेऊन आम्ही घटनास्थळी गेलो. आवारात भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटच्या लाद्या. ना ओल, ना डाग, ना एक गांडूळ. एक पंच हळूच म्हणाला, "चोर झाडून-पुसून गेला वाटतं."

पंचनामा चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचा माल गावाबाहेरच्या वाडीत हाय. कचेरीत झाडू मारते ना, त्या बाईच्या परसात."

बाबूंना जीपमध्ये घेऊन आम्ही वाडीत पोचलो. ढीग होता. पोलीस दिसला की चोर माल झाकतो. ही बाई फावड्याने माल उलटवत राहिली.

"मावशी, कचेरीचा ढीग इथं कसा?"

"कचेरीचा कसा? तिथला चहाचा चोथा, सत्काराचे हार, डब्यातलं उष्टं, सगळं मी रोज पाटीतून आनते. तिकडं खड्डा कोनी खनलाच नाय. चोरीत नाव घातलंत तं माझं काम जाईल, साहेब."

"मग कचेरीच्या अहवालात या ढिगाचा फोटो कसा?"

"हे येतात ना मोबाईल घेऊन." तिने फावडे बाबूंकडे केले. "या अंगानं यांच्या कचेरीचा फोटू. आन् त्या भोपल्याच्या वेलाकडून तुमच्या ठान्याचा."

माझ्या हवालदाराला अचानक खोकला आला.

ठाण्यात परतून मी आमच्याच खताच्या अहवालाची फाइल काढली. फोटोत वेल होता, वेलाला भोपळाही होता. खाली 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली' आणि माझी झोकदार सही.

बाबूंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि ती फाइल समोर ठेवली. दरडावण्याची गरजच पडली नाही.

"तुमच्या हवालदारांनीच मागितला होता फोटो," ते पुटपुटले. "उद्यासाठी ढीग मागायला गेलो, तर बाई देईना. म्हटलं, पोलिसांनी जप्त केला की आपोआप आवारात येईल."

अर्ज त्यांनी तिथेच मागे घेतला. बाईचे नाव कुठल्याही कागदावर चढले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पथकाच्या हाती आमचा दुरुस्त अहवाल दिला : खत, निरंक. कानउघाडणी झाली, ती उभ्याने ऐकली. मग पथकाला मी बाईच्या परसात नेले. पथकप्रमुख कौतुकाने ढिगावर पाय ठेवणार, तोच ती म्हणाली, "पाय नका ठेवू, साहेब. जित्राबं हायत आत, गांडुळं." साहेब निमूट मागे सरले.

तोवर चोरीची तक्रार आली की माल कोणी नेला, एवढेच मी शोधत असे. त्यानंतर मात्र पहिला प्रश्न बदलला : माल होता, हे डोळ्यांनी पाहिले कोणी? निवृत्त होईपर्यंत तो मी प्रत्येक फिर्यादीला विचारला, आणि सहीसाठी पेन उघडताना स्वतःलाही.