लावे कुंपणापलीकडे

लावा फार उंच उडत नाही. गवतातून भुर्रकन उठतो आणि थोडा पुढे जाऊन पुन्हा गवतात शिरतो. काल सकाळी मात्र लाव्यांचे थवे तारेच्या कुंपणावरून गायरानात उतरताना पाहिले आणि जिवाला थंडावा मिळाला.

हा माळ आधी संस्थानिकाचा. त्याने तो मर्जीतल्या गोऱ्या साहेबाला दिला, साहेबाने जाताना सावकाराला विकला, सावकाराच्या नातवाकडून शेठने घेतला. माळावर राहणाऱ्या आम्हाला विचारलं कुणी? छे! प्रत्येक खरेदीत गवत, लावे आणि शिकारीसाठी हाका घालून पाखरं उठवणारे आम्ही, सगळं एकत्रच गेलं. शिकारीला बंदी आली, तर शेठने फाटकावर ‘कृषी पर्यटन’ अशी पाटी लावली. बंदुका आतच राहिल्या.

गेल्या महिन्यात त्याने आमची पालं कुंपणाबाहेर गायरानात फेकली. काल पाहुणे आले, तसा हाका घालायला निरोप आला.

आत्या म्हणाली, “जाऊ की. शेठचा मान राखू.”

एरवी आम्ही कुंपणापासून डबे वाजवत निघतो आणि लावे बंगल्यापुढच्या बंदुकांसमोर उठवतो. काल ओळ बंगल्यापाशीच धरली आणि कुंपणाकडे हाकत गेलो. मध्ये आम्ही, त्यामुळे पाहुण्यांना बार काढता येईना.

“अगं ए, माझे लावे चालले!” शेठ ओरडला.

“तुमचे असते तर थांबले असते की, शेठ!” आत्या डबा बडवतच म्हणाली.

आज लावे आमच्या पालांमागे बोलतायत. शेठ म्हणे माळ विकायला काढणार. काढू दे. या खेपेला त्याला नुसतं गवत विकावं लागेल.