पास रोडेलच्या नावाचा

समार बेटावरच्या काबुलिहान वस्तीत पुरिंगला विचारल्याशिवाय पाळणा हलत नाही, असं लोक चेष्टेनं म्हणत. खरं नाव पुरिफिकासिओन, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? सव्वीस वर्षं ती वस्तीची आरोग्यसेविका. तिची वही कायम काखेत. वहीत बायकांची नावं आणि पुढे तारखा: कुणाच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या कधी संपतात, कुणाचं तीन महिन्यांचं इंजेक्शन कधी आहे. तारीख आली की पुरिंग दारात हजर. "कपडे नंतर धू गं, ते काही पळून जात नाहीत," असं म्हणून ती त्या बाईला पुलापलीकडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जायची.

मार्चमध्ये महामारी आली आणि पुलावर बांबू आडवा पडला.

नियम असा की पूल ओलांडायला दर घराला एकच पास, आणि तो कुटुंबप्रमुखाच्या नावे. कुटुंबप्रमुख कोण, हे काय वेगळं सांगायला हवं? एकोणनव्वद घरांपैकी चौऱ्याऐंशी पास बाप्यांचे, उरलेले पाच विधवांचे. त्यात एक पुरिंग. म्हणजे ज्यांना इंजेक्शनची गरजच नाही, तेवढ्याच बायकांना पूल मोकळा! हे लक्षात आलं तेव्हा पुरिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्वतः जाऊन गोळ्या आणून वाटायची, पण एप्रिलात बोटी थांबल्या आणि गोळ्या संपल्या. इंजेक्शनं दवाखान्याच्या कपाटात होती, पण ती काय पिशवीत घालून आणायची वस्तू आहे?

तिला सगळ्यात जास्त घोर होता जेरालिनचा. वय एकोणतीस, पदरी चार लेकरं. चौथ्याच्या वेळी एवढं रक्त गेलं की बोटीत घालून शहरात न्यावं लागलं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, रोडेलला, समोर बसवून सांगितलं होतं, "आता पुन्हा नाही. पुन्हा झालं तर ही हाती लागायची नाही." रोडेलनं मान हलवली होती. मान हलवायला काय जातं!

जेरालिनच्या इंजेक्शनची तारीख होती सत्तावीस मार्च.

पुरिंग वस्तीच्या कप्तानाकडे, म्हणजे तिथल्या सरपंचाकडे, एर्निंगकडे गेली. तो तिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला.

"एर्निंग, रोडेलच्या पासवर जेरालिनचं नाव घाल. एका दिवसापुरतं."

"ताई, पास प्लास्टिकमध्ये बंद केलेत. आता खाडाखोड कशी करू?"

"मग नवा दे."

"नवा फक्त तातडीचं कारण असेल तर. आणि तिचा नवरा जातोच की पलीकडे. त्यालाच सांगा ना."

"त्याला काय सांगू? सुई रोडेलच्या दंडात टोचायची? आजार म्हशीला आणि औषध पखालीला!"

"टोचून बघा, गुण येईल," एर्निंग म्हणाला, आणि दारातले पहारेकरी फिदीफिदी हसले.

ती तीन वेळा गेली. तिन्ही वेळा पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं रोडेलच्या हातात निरोधची पाकिटं ठेवली आणि बजावलं, "लाजू नकोस. बायको हवी असेल तर वापर." आठवड्यानं किनाऱ्यावर गाठून विचारलं, तर पठ्ठ्या खुशीत म्हणाला, "फार कामाची वस्तू दिलीत ताई!" आणि निरोधमध्ये घालून गाठ मारलेला मोबाईल दाखवला. "होडीत आता थेंबभर पाणी आत जात नाही."

"आणि घरात रे, मुडद्या?"

रोडेल जाळं सोडवायला लागला.

अशीच एक दिवस पुलाजवळ उभी असताना पुरिंगनं मासळीचा सौदा पाहिला. पलीकडे व्यापारी, अलीकडे कोळी. टोपल्या बांबूवरून जात होत्या, आणि पहारेकरी त्यातलेच चार बांगडे काढून घेत होते. पुरिंगनं कपाळावर हात मारला. माशाला पास लागत नाही, तर दंडाला कशाला लागावा?

तडक पलीकडे जाऊन तिनं दवाखान्यातल्या सुईणीला, लुविमिन्दाला गाठलं. मे संपता संपता एका मंगळवारी लुविमिन्दा खुर्ची घेऊन बांबूपलीकडे बसली. अलीकडे बायकांची रांग. पुरिंगनं आडोशाला छत्री धरली आणि एकेक दंड बांबूवरून पलीकडे जाऊ लागला.

"ताई, हे चालायचं नाही," पहारेकरी धावत आला.

"कुणाचा पाय पलीकडे पडलाय? दाखव!"

तो खरंच वाकून पाय बघू लागला. एकतीस बायकांना इंजेक्शन मिळालं. त्या दिवशी रांगेत काय हशा पिकला होता!

जेरालिन शेवटी होती. लुविमिन्दानं तारीख बघितली. "दोन महिने उलटले गं. आधी तपासणी करावी लागेल." तिनं चाचणीची पट्टी दिली. जेरालिन चौकीमागच्या मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी पुरिंग आत गेली. पट्टीवर दोन रेघा होत्या.

"मी त्याला नको म्हणत होते, ताई," जेरालिन म्हणाली. "रोज म्हणत होते."

पुरिंगनं छत्री मिटली आणि तिला हाताला धरून घरी नेलं.

बातमी कानावर गेली तसा संध्याकाळी कप्तान स्वतः जेरालिनच्या दारात आला. पुरिंग तिथेच होती. त्याच्या हातात कोरा करकरीत, प्लास्टिकमध्ये बंद केलेला पास होता. "गरोदर बाईला तपासणीसाठी वेगळा पास. वरून हुकूमच आहे," तो म्हणाला. "बघा ताई, तुमचंच काम केलं. आणि तेही तासाभरात!"

"तासाभरात होतं होय रे हे?" पुरिंग ओरडली. "तासाभरात होतं?"

जेरालिननं पास उलटसुलट करून पाहिला. वर तिचं पूर्ण नाव होतं, रोडेलचं कुठेच नव्हतं. तिनं तो चौघा लेकरांच्या हाताला लागणार नाही असा वर फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुलावर गेल्या. जेरालिननं पास पुढे केला, पण पहारेकऱ्यानं तो पाहिलासुद्धा नाही. "जपून जा, वहिनी," म्हणत त्यानं बांबू वर उचलला.