पंख्याची घरघर

संगणकाच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना त्यांचा मेहुणा दाजी म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली त्यांना दाजीच म्हणू लागली. दाजींचा नियम एकच: विकणाऱ्याच्या स्वतःच्या घरी जे चालत नाही, ते आपल्या दुकानात ठेवायचं नाही. या नियमापायी त्यांनी भल्याभल्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं.

पुढे मेहुणा एका नव्या कंपनीत लागला. तिचा प्रोसेसर इतका थंड, की त्याला पंखाच लागत नसे. पण बाजारात त्याला कुत्रं विचारत नव्हतं.

"दाजी, तुम्ही हो म्हटलंत की गल्ली हो म्हणेल."

"तुझ्या घरी कुठला आहे?"

"हाच! ताईची शपथ."

ताई म्हणजे दाजींची बायको. मग काय, दाजी कंबर कसून कामाला लागले. त्यांच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक, छापखानेवाल्या बाई, जरा कां कूं करत होत्या. "बाई, मी आहे ना," दाजी म्हणाले. तेवढ्यावर बाईंनी सगळे संगणक बदलले, आणि बाईंचं पाहून गल्लीनं. मेहुण्याला बढती मिळाली.

छापखान्यातलं पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर मात्र नव्या प्रोसेसरवर अडू लागलं. पानं अर्धीच निघायची. "सुधारणा येतेच आहे, दाजी," मेहुणा आज-उद्या करत राहिला. बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं; त्या नुसत्या बघायच्या.

एका रविवारी मेहुण्याकडे जेवण होतं. त्याची बायको सहज म्हणाली, "भाऊजी, आमच्या संगणकाचा पंखा फार घरघरतोय, बघता जरा?"

पंखा? दाजींनी हात धुतले आणि संगणक उघडला. बाहेर नव्या कंपनीचं चकचकीत स्टिकर, आत जुन्या कंपनीचा प्रोसेसर.

"घरी आपली जुनीच सॉफ्टवेअर आहेत ना, दाजी," मेहुणा दारातून पुटपुटला. "ती नव्या प्रोसेसरवर चालत नाहीत."

म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं! घरच्याच माणसानं केसानं गळा कापला होता. मागे उभी असलेली दाजींची बायको भावाला एवढंच म्हणाली, "आणि शपथ माझी घेतलीस?"

दाजींनी पंखा साफ करून झाकण लावलं. काम अर्धं टाकायची सवय नव्हती.

सोमवारी ते पदरमोड करून जुन्या पद्धतीचे संगणक घेऊन छापखान्यात गेले.

"हे तरी चालतील ना हो, दाजी?" बाईंनी विचारलं.

'मी आहे ना' अगदी ओठांवर आलं होतं.

"आधी चालवून बघा, बाई," दाजी म्हणाले. "माझ्या शब्दावर नका घेऊ."