भाजणीची जाहिरात

सिंगापूरच्या हौगांगमधल्या आमच्या चौदाव्या मजल्यावर सकाळचा उजेड थेट येत नाही. आधी तो समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांवर पडतो आणि तिथून आमच्या स्वयंपाकघरात येतो. त्या उसन्या उजेडात तव्यावरची वाफ निळसर दिसते. एकदा मी तिचा फोटो काढून माझ्या अकाउंटवर टाकला. मग खिडकीबाहेर बांबूंवर वाळणाऱ्या चादरींचा टाकला, मग खालच्या झाडांवरून सरकत जाणाऱ्या ढगाच्या सावलीचा. हळूहळू लोकांना त्याची सवय लागली. कुठल्या कुठल्या गावची माणसं लिहायची की तुमची सकाळ बघितली की बरं वाटतं. मी दिवसभर एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. तिथे मला असलं कुणीच काही म्हणत नाही, त्यामुळे मी हुरळून गेले.

मग जाहिराती यायला लागल्या. पहिल्यांदा पाण्याची बाटली आली, मग उशांचे अभ्रे. वस्तू खिडकीशी धरायची, त्यांनी लिहून पाठवलेली दोन वाक्यं आपल्या आवाजात म्हणायची, झालं. काही घबाड मिळत नव्हतं, पण मुलीच्या पोहण्याच्या क्लासची फी सुटायची आणि माझं स्वतःचं असं थोडं उरायचं. नवरा वन-नॉर्थ भागातल्या त्याच्या ऑफिसला निघताना बूट घालता घालता विचारायचा, "आज काय विकणार? वाफ?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे. खरं सांगायचं तर मला ते सगळं फार आवडत होतं.

थालीपिठाच्या तयार पिठाची जाहिरात आली ती माझ्या तव्यावरचं थालीपीठ बघून. ते थालीपीठ अर्थात बाबांच्या भाजणीचं होतं.

बाबा पुण्यात एकटे राहतात. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिची वही काढली आणि भाजणी करायला घेतली. त्याआधी त्यांनी चहासुद्धा केला नव्हता. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली, तेव्हा लेबलवर लिहिलंय ते डब्यात असणारच, असा त्यांचा विश्वास. वहीतलं प्रमाण ते काट्यावर तोलतात. बाजरी, ज्वारी, तांदूळ, डाळी, सगळं वेगवेगळं भाजतात आणि गिरणीवर स्वतः उभे राहतात. मग सिंगापूरला येणारं कुणीतरी शोधतात. इथल्या मराठी ग्रुपवर सारखं कुणीतरी लिहीत असतं की बॅगेत दोन किलोची जागा आहे, आणि बाबांना ती जागा माझ्याआधी कळते. त्या पिशव्या आणायला मी बुकित तिमाहच्या कितीतरी काँडोंच्या, म्हणजे खाजगी इमारतींच्या, लॉबीत अनोळखी माणसांची वाट बघत उभी राहिलेय.

पिशवी मिळाली की मी लगेच फोन करायचे. "बाबा, अगदी आईच्या हातची झालीय!" ते नुसतं "हं" म्हणायचे.

ती तशी होत नव्हती. शेवटी जिभेवर एक कडवटपणा राहायचा. धणे करपलेले असायचे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, एवढं निवडून, तोलून, भाजून पाठवल्यावर, तुमचे धणे करपतात म्हणून कोण सांगणार? मी दही जास्त घ्यायचे आणि खायचे.

आता त्या जाहिरातीचं. तो व्हिडिओ आता अकाउंटवर नाही, पण मला तो तोंडपाठ आहे. आदल्या दिवशी मी पाकिटातल्या पिठाचं थालीपीठ करून बघितलं होतं. पिठूळ, नुसतं तिखटमीठ. नाही म्हणायला हवं होतं. पण त्या सकाळी उजेड असा काही सुंदर पडला होता की मलाच मोह आवरला नाही. त्यांनी लिहून दिलेलं शेवटचं वाक्य होतं, "अगदी माझ्या आईच्या हातची चव." मी घास तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मला खरंच आई दिसली.

स्टुलावर बसलेली, पदर खोचलेला, कढई धुरकटलेली. सगळं भाजून झालं की ती गॅस बंद करायची आणि मग त्या तापलेल्या कढईत धणे टाकायची. आच नाही, नुसती धग. सांडशीने कढई धरून हलकेच हलवत राहायची. मी शेजारी उभी असायचे. धण्यांचा वास घरभर पसरायचा आणि ती म्हणायची, "झालं बरं का," जणू मीच ते केलं होतं. किती वेळ मी तिथे होते कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा हौगांग होतं, हातात घास होता आणि फोन चालूच होता. वाक्य मी कधी म्हटलं ते मला कळलंसुद्धा नाही.

त्या व्हिडिओला जेवढं प्रेम मिळालं तेवढं माझ्या कुठल्याच सकाळच्या फोटोला मिळालं नव्हतं. चेहरा खरा होता, पीठ खोटं होतं. फक्त मुलीने तो बघून नाक मुरडलं आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट आजी नेव्हर युज पॅकेट लाह." मी तिला दूध संपवायला सांगितलं.

रविवारी साडेदहाला, म्हणजे बाबांच्या आठ वाजता, त्यांचा फोन येतो. त्या रविवारी ते नेहमीसारखे हवापाण्यात रेंगाळले नाहीत.

"तुझा व्हिडिओ बघितला. चारदा बघितला. वर काहीतरी बारीक इंग्रजीत लिहिलंय, ते काही मला लागलं नाही. त्या पिठाची दोन पाकिटं पाठवशील? कुणी येत असेल त्यांच्याबरोबर."

"तुम्हाला कशाला बाबा?"

"अगं, मला नाही ना जमत तसं. चार वर्षं करतोय. प्रमाण बरोब्बर घेतो, तरी शेवटी कडू लागतं. त्या लोकांना जमलंय तर चव घेऊन बघतो, माझं काय चुकतंय ते कळेल." मग म्हणाले, "आणि यापुढे मी पाठवत नाही. तुला तिथे आईच्या हातचं मिळतंय, तर उगाच लोकांच्या बॅगेत ओझं कशाला?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. कडू लागतं हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि माझा फोन आला की ते "हं" म्हणत होते.

"बाबा, ती जाहिरात होती, वर बारीक तेच लिहिलंय," मी म्हटलं. "त्यांनी पैसे दिले म्हणून मी तसं बोलले. ते पीठ आईसारखं लागत नाही. कशासारखंच लागत नाही."



"तू डोळे मिटले होतेस," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, तुला ती चव लागली."

मला रडू येत होतं. आई दिसली होती, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण जे वाक्य मी विकलं होतं, त्याच्या शेजारी ते ठेवायची मला लाज वाटली.

"मग माझी भाजणी मिळाली की तू दर वेळी म्हणतेस, आईच्या हातची झालीय," बाबांनी विचारलं, "ते?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. लेबल एक आणि डब्यात भलतंच निघालं, तर ते स्टोअरमध्ये असंच विचारत असतील.

"तुमचे धणे करपतात, बाबा."

मी तशीच पुढे बोलत राहिले.

"दर वेळी करपतात. आई धणे सगळ्यात शेवटी घ्यायची. गॅस बंद करून, नुसत्या कढईच्या धगीवर. वहीत ते लिहिलेलं नाही, पण मी शेजारी उभी असायचे."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग खण ओढल्याचा, मग वहीची पानं उलटल्याचा. मी खिडकीशी उभी होते. समोरच्या ब्लॉकवरून उजेड केव्हाच निघून गेला होता आणि चादरी वाऱ्यावर हलत होत्या.

"हं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता इतका जवळून आला. "लिहून घेतो. गॅस आधी बंद. पुढे सांग."